मोफत मायक्रोअ‍ॅरे कोशांतून वनस्पतींच्या जनुकांची अभिव्यक्ती कशी तपासावी

पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या हाती प्रकल्पासाठी एखादे जनुक येते, तेव्हा बहुधा त्याचा क्रम माहीत असतो आणि प्रथिन कोणत्या कुळातले हेही माहीत असते. पण ते जनुक मुळात चालते की पानात, थंडीत वाढते की मिठाच्या पाण्यात, याची काहीच कल्पना नसते. हे स्वतः शोधायचे तर रोपे वाढवा, आरएनए (चालू जनुकाची बनणारी प्रत) काढा, तो मोजणारी चिप, म्हणजे मायक्रोअ‍ॅरे, विकत घ्या, असा खर्च आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांना झेपणारा नाही. सुदैवाने गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगभरातल्या प्रयोगशाळांनी केलेल्या अशा हजारो मापनांच्या नोंदी इंटरनेटवरच्या कोशांत मोफत खुल्या आहेत. संगणक, इंटरनेट आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर त्यांतून खरे संशोधन होऊ शकते.

मात्र एक अट सुरुवातीलाच सांगतो, कारण या लेखातल्या प्रत्येक पायरीवर ती पुन्हा येणार आहे. कोशातला आकडा पाहण्याआधी तो ज्या रोपातून आला, त्या रोपाला नेमके काय केले होते, हे वाचायचे. नमुन्याची माहिती न वाचता काढलेला निष्कर्ष कितीही देखण्या आलेखात मांडला, तरी त्याचा भरवसा नाही.

चिप नेमके काय मोजते

अ‍ॅराबिडोप्सिस थालियाना ही मोहरीच्या कुळातली छोटी वनस्पती; तिचा संपूर्ण जीनोम २००० साली प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर अ‍ॅफिमेट्रिक्सची ‘एटीएच१’ ही चिप तिच्यासाठी सर्वाधिक वापरली गेली. या चिपवर २२,८१० प्रोब संच आहेत; प्रोब म्हणजे चिपवर बसवलेला डीएनएचा छोटा तुकडा. प्रत्येक संचात साधारणपणे ११ जोड्या असतात. जोडीतला प्रत्येक प्रोब २५ न्यूक्लिओटाइडांचा असतो. एक जनुकाशी तंतोतंत जुळणारा आणि दुसरा मधला एकच घटक मुद्दाम बदललेला, म्हणजे चुकीच्या चिकटण्याचा अंदाज घेण्यासाठी ठेवलेला. नमुन्यातल्या आरएनएपासून तयार केलेले, खूण लावलेले रेणू या प्रोबांना चिकटतात, त्यांची चमक मोजली जाते आणि अकरा जोड्यांच्या चमकेवरून त्या जनुकाचा एक आकडा काढला जातो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, चमक ही आरएनएच्या प्रमाणाची खूण आहे, प्रथिनाच्या प्रमाणाची नव्हे. दुसरी, वेगवेगळ्या प्रोबांची चिकटण्याची क्षमता वेगळी असते. त्यामुळे ‘अ’ जनुकाचा आकडा ८०० आणि ‘ब’ जनुकाचा ४००, म्हणून ‘अ’चा आरएनए दुप्पट, असे म्हणता येत नाही. एकाच जनुकाची दोन परिस्थितींत तुलना करणे हेच या साधनाचे खरे काम आहे.

आता आरएनएचे क्रम थेट वाचून मोजणाऱ्या आरएनए-सीक्वेन्सिंगचे दिवस असताना जुन्या चिपकडे का वळायचे, असे विद्यार्थी विचारतात. उत्तर असे की एकाच बनावटीच्या चिपवर, वेगवेगळ्या अवयवांचे, वयांचे आणि ताणांचे हजारो नमुने मोजले गेले आहेत आणि त्यांची आपापसांत तुलना करणे तुलनेने सोपे आहे. नवशिक्याला हाताळायला ही माहिती हलकी आहे. साध्या लॅपटॉपवर काम होते.

पहिली पायरी: जनुकाची ओळख पक्की करा

उदाहरणासाठी आपण ‘आरडी२९ए’ हे जनुक घेऊ. ते पाण्याची टंचाई, मीठ आणि थंडी या तिन्हींना प्रतिसाद देते, हे १९९०च्या दशकापासून माहीत आहे. त्यामुळे आपली पद्धत बरोबर चालते की नाही, हे त्यावर ताडून पाहता येते. नव्या जनुकावर काम करतानाही असे एक ओळखीचे जनुक नेहमी सोबत चालवावे, असा माझा आग्रह असतो.

त्याचा स्थानक्रमांक एटी५जी५२३१० असा आहे. कोशात तो रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहायचा. ‘एटी’ म्हणजे अ‍ॅराबिडोप्सिस थालियाना, ५ हा गुणसूत्राचा क्रमांक, ‘जी’ म्हणजे जनुक आणि पुढचे पाच आकडे गुणसूत्रावरचा अनुक्रम दाखवतात. सुरुवातीला हे क्रमांक दहा-दहाच्या अंतराने दिले गेले, म्हणून शेजारचे ‘आरडी२९बी’ हे भावंड एटी५जी५२३०० या क्रमांकावर आहे. नावाने शोधाल तर एकाच जनुकाची तीन-चार नावे आढळतील. ‘आरडी२९ए’ हेच ‘सीओआर७८’ या नावानेही छापले गेले आहे. म्हणून वहीत नेहमी स्थानक्रमांक लिहावा.

त्यानंतर चिपवरचा प्रोब संच शोधायचा. टोरोंटो विद्यापीठाच्या ‘बार’ या संकेतस्थळावर स्थानक्रमांक देऊन प्रोब संच मिळवण्याची सोय आहे. संचाच्या नावाचा शेवट बारकाईने पाहा. आकड्यानंतर नुसते ‘एटी’ असेल तर तो संच एका जनुकासाठी बनवलेला आहे. ‘एस-एटी’ असेल तर तो एकमेकांशी साधर्म्य असलेल्या अनेक जनुकांना चिकटू शकतो आणि ‘एक्स-एटी’ असेल तर त्यातले काही प्रोब असंबंधित जनुकांनाही चिकटण्याची शक्यता असते. जनुककुळावर काम करणाऱ्याने हे पाहिले नाही, तर दोन भावंडांची बेरीज एकाच्या नावावर मांडली जाते. तुमच्या जनुकाचा प्रोब संचच नसणेही शक्य आहे, कारण चिप तयार झाल्यानंतर अनेक जनुके नव्याने ओळखली गेली. अशा वेळी या चिपवर वेळ न घालवता आरएनए-सीक्वेन्सिंगच्या नोंदींकडे वळावे.

दुसरी पायरी: चित्रातून पहिली नजर

‘बार’वरचा ‘ईएफपी ब्राउझर’ उघडा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या साधनात रोपाचे रेखाचित्र असते आणि प्रत्येक अवयव त्यातल्या आकड्यानुसार पिवळ्यापासून लालपर्यंत रंगवला जातो. स्थानक्रमांक लिहा, माहितीस्रोतात आधी विकासाचा नकाशा निवडा, मग अजैविक ताणांचा (थंडी, मीठ, कोरडेपणा वगैरे).

हे चित्र फार बोलके असते आणि तिथेच घाईने निष्कर्ष काढला जातो. ‘अ‍ॅब्सोल्यूट’ या प्रकारात लाल रंग म्हणजे त्या जनुकाची त्या चित्रातली कमाल पातळी. एखाद्या जनुकाची कमाल फक्त १५ असेल तरी तो अवयव लालभडक दिसतो. इथले आकडे चिपची सरासरी १०० धरून जुळवलेले असतात, त्यामुळे १५ म्हणजे जवळजवळ पार्श्वभूमीची चमक. म्हणून रंगाआधी बाजूच्या मापपट्टीवरचा आकडा वाचा. दोन जनुकांची चित्रे शेजारी ठेवायची असतील, तर मर्यादा स्वतः ठरवून दोन्हींना तीच द्या.

‘रिलेटिव्ह’ प्रकारात ताणांच्या नकाशावर तुलनेसाठी नियंत्रण, म्हणजे ताण न दिलेला, नमुना वापरला जातो आणि वाढ लाल, घट निळी दिसते. इथे गुणोत्तराचा लॉगरिदम दोनच्या पायावर असतो. समजा, नियंत्रणात आकडा ६४ आणि थंडीत १,०२४ आहे. तर लॉग ६ आणि १० होतात, फरक ४, म्हणजे सोळापट वाढ. पण ५ वरून २० झाले तरी चौपट दिसतेच आणि ते दोन्ही आकडे गोंगाटातले असतात. गुणोत्तर पाहिल्यावर मूळ आकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

‘आरडी२९ए’ ताणांच्या चित्रात टाकल्यावर थंडी, मीठ आणि मॅनिटॉलच्या द्रावणामुळे पाणी शोषणे अवघड होण्याचा, म्हणजे ऑस्मॉटिक, ताण यांत ते चढलेले दिसायला हवे. शेजारचे ‘आरडी२९बी’ टाकून पाहा: मीठ आणि अ‍ॅब्सिसिक आम्ल या ताणाच्या संप्रेरकाला ते प्रतिसाद देते, पण थंडीतला त्याचा प्रतिसाद फिका असतो. दोन जनुके गुणसूत्रावर एकमेकांना लागून आहेत, तरी त्यांचे वर्तन वेगळे, कारण त्यांच्या आधीच्या नियंत्रक भागांतली रचना वेगळी आहे. हा फरक स्वतःच्या पडद्यावर दिसला, की साधनावरचा विश्वासही वाढतो आणि विषयही समजतो.

तिसरी पायरी: नमुन्याची माहिती वाचा

इथे सर्वाधिक वेळ द्या. अमेरिकेतील एनसीबीआय या जैवमाहिती केंद्राचा ‘जीन एक्स्प्रेशन ऑम्निबस’, म्हणजे ‘जीईओ’, हा कोश २००० सालापासून चालू आहे. त्यात चार प्रकारचे क्रमांक भेटतात: ‘जीपीएल’ म्हणजे चिपची बनावट, ‘जीएसएम’ म्हणजे एक नमुना, ‘जीएसई’ म्हणजे एका प्रयोगातल्या नमुन्यांची मालिका आणि ‘जीडीएस’ म्हणजे कोशाच्या संपादकांनी नीटनेटका केलेला संच. एटीएच१ चिपचा क्रमांक जीपीएल१९८ आहे. युरोपातला ‘अ‍ॅरे-एक्स्प्रेस’ हा संग्रह आता ‘बायोस्टडीज’मध्ये सामावला आहे, एखादा प्रयोग जीईओत नसेल तर तिथे शोधावा.

अ‍ॅराबिडोप्सिससाठी ‘एटीजेनएक्स्प्रेस’ हा आंतरराष्ट्रीय उपक्रम सर्वांत सोयीचा. त्यातल्या ताणांच्या मालिका जीईओत ओळीने आहेत: जीएसई५६२० हे नियंत्रण, ५६२१ थंडी, ५६२२ ऑस्मॉटिक ताण, ५६२३ मीठ, ५६२४ कोरडेपणा आणि ५६२८ उष्णता. रोपे एकाच पद्धतीने वाढवलेली, मुळे आणि वरचा भाग वेगळा काढलेला, अर्ध्या तासापासून चोवीस तासांपर्यंत वेगवेगळ्या वेळी नमुने घेतलेले आणि प्रत्येक वेळेसाठी दोन जैविक पुनरावृत्ती (वेगळ्या रोपांवर पुन्हा केलेली मापने), अशी ही रचना आहे.

आता ५६२४चे वर्णन उघडा. ‘ड्राउट’ हा शब्द वाचून आपल्या डोळ्यांसमोर मराठवाड्यातले भेगाळलेले रान येते. प्रत्यक्षात त्या रोपांना सुमारे पंधरा मिनिटे कोरड्या हवेच्या झोतात ठेवले होते, जेणेकरून त्यांचे ताजे वजन सुमारे दहा टक्क्यांनी घटावे, आणि मग पुन्हा मूळ जागी ठेवून तासागणिक नमुने घेतले. म्हणजे हा अचानक बसलेला छोटा धक्का आणि त्यातून सावरणे आहे. आठवडेच्या आठवडे ओल कमी होत जाण्याचा तो प्रयोग नाही. या मालिकेत एखादे जनुक हलले नाही, म्हणून ‘त्याचा दुष्काळाशी संबंध नाही’ असे लिहिणे चुकीचे ठरेल.

दुसरी बाब नियंत्रणाची. एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पात आम्ही थंडीच्या बारा तासांच्या नमुन्याची तुलना शून्य तासाशी केली होती. शेकडो जनुके बदललेली निघाली आणि यादीत वर ‘सीसीए१’ दिसल्यावर शंका आली. ‘सीसीए१’ हे वनस्पतीच्या दैनंदिन घड्याळाचे जनुक. ते पहाटेच्या सुमारास उंचावर असते आणि संध्याकाळपर्यंत खाली येते. प्रयोग दिवसा सुरू झाला, बारा तासांनी संध्याकाळ झाली होती. थंडी न दिलेल्या रोपांतही ते तितकेच उतरले होते. थंडीचा म्हणून आम्ही जो परिणाम मांडत होतो, त्यातला मोठा भाग नुसता दिवस मावळण्याचा होता. जीएसई५६२० मध्ये प्रत्येक वेळेचे स्वतंत्र नियंत्रण आहे ते यासाठीच: सहा तासांची थंडी सहा तासांच्या नियंत्रणाशी, बारा तासांची बाराशी, मुळे मुळांशी. त्या विद्यार्थिनीने सगळे पुन्हा मोजले आणि यादी बरीच आखूड, पण भरवशाची झाली.

म्हणून माझ्याकडे प्रत्येकाला एक तक्ता भरावा लागतो: नमुना क्रमांक, वाण, वय, अवयव, दिवे किती तास, उपचार नेमका काय आणि किती वेळ, नमुना घेतल्याची वेळ, जोडीचे नियंत्रण, पुनरावृत्ती. २००१ साली आलेल्या ‘मियामी’ या, प्रयोगाची किती माहिती द्यायलाच हवी ते सांगणाऱ्या, निकषांमुळे यातली बरीचशी माहिती नोंदीत असणे अपेक्षित असते. एखादा रकाना रिकामा राहिला तर मूळ शोधनिबंधाची पद्धत वाचावी आणि तरीही नाही सापडला तर तो नमुना बाजूला ठेवावा.

चौथी पायरी: भाताच्या संचावर स्वतः विश्लेषण

जीईओतच ‘जीईओ-टू-आर’ नावाचे साधन आहे; त्यात एक ओळही आज्ञावली न लिहिता दोन गटांची तुलना करता येते. त्यासाठी मी जीएसई६९०१ सुचवतो. दिल्ली विद्यापीठात झालेल्या या प्रयोगात ‘आयआर६४’ या भाताच्या सात दिवसांच्या रोपांना कोरडेपणा, मीठ आणि थंडी असे ताण प्रत्येकी तीन तास दिले होते. नियंत्रणासह चार गट, प्रत्येकात तीन नमुने, एकूण बारा. इथला कोरडेपणा म्हणजे रोपे टिश्यू पेपरच्या घड्यांत ठेवून सुकवणे, मीठ म्हणजे २०० मिलिमोलर सोडियम क्लोराइडचे द्रावण आणि नियंत्रण म्हणजे तितकाच वेळ पाण्यात ठेवलेली रोपे. हे तक्त्यात लिहूनच पुढे जा.

मालिकेच्या पानावर तळाशी असलेले ‘जीईओ-टू-आर’चे बटण दाबा. दोन गटांची नावे द्या, ‘मीठ’ आणि ‘नियंत्रण’, आणि त्या-त्या नावापुढे तीन-तीन नमुने निवडा. मूल्ये आधीच लॉगमध्ये आहेत का, हे साधन स्वतः ओळखण्याचा प्रयत्न करते, पण नमुन्याच्या पानावर मूल्य कोणत्या पद्धतीने काढले ते वाचून खात्री करा. सहा ते चौदाच्या आसपासचे आकडे असतील तर ते बहुधा लॉग घेतलेले आहेत. हजारोंच्या घरातले असतील तर नाहीत. मग सर्व नमुन्यांची पेटी-आकृती (प्रत्येक नमुन्यातल्या आकड्यांचा पसारा दाखवणारा आलेख) काढा. पेट्यांच्या मधल्या रेषा जवळपास एका पातळीत हव्यात. एखादी पेटी बाकीच्यांहून सरकलेली असेल तर तो नमुना तसाच पुढे नेऊ नका.

विश्लेषण चालवल्यावर तक्ता येतो. त्यात साधे ‘पी’ मूल्य (खरा बदल नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) आणि हजारो तुलना एकदम केल्याबद्दल दुरुस्त केलेले ‘पी’ मूल्य असे दोन रकाने असतात; पाहायचा तो दुरुस्त केलेला. भाताच्या चिपवर सुमारे ५७,००० प्रोब संच आहेत. एकाही जनुकात खरा बदल झालेला नसला तरी ०.०५ या साध्या मर्यादेत सुमारे २,८५० संच निव्वळ योगायोगाने ‘बदललेले’ दिसतील. दुरुस्त मूल्य ०.०५ पेक्षा कमी आणि लॉग फरक किमान १, म्हणजे दुप्पट, अशी मर्यादा सुरुवातीला पुरेशी आहे.

फरकाचे चिन्ह हा आणखी एक खड्डा आहे. धन म्हणजे मिठात वाढ की घट, हे तुम्ही गट कोणत्या क्रमाने ठेवले त्यावर ठरते. अंदाज बांधण्यापेक्षा ओळखीचे जनुक शोधा. भाताचे ‘रॅब१६ए’ हे अ‍ॅब्सिसिक आम्लाने आणि पाणी-मिठाच्या ताणाने वाढणारे जनुक आहे. ते तुमच्या तक्त्यात घटलेले दिसत असेल तर गट उलटे लागले आहेत.

भाताच्या बाबतीत दोन सूचना. भाताच्या जनुकांना दोन क्रमांकपद्धती आहेत, एक ‘एलओसी’ने सुरू होणारी आणि दुसरी जपानच्या ‘रॅप’ कोशाची. त्यांतले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून रूपांतराची यादी वापरावी लागते. तसेच चिपवरचे बहुतेक प्रोब जॅपोनिका भाताच्या क्रमावरून बनले आणि आयआर६४ हा इंडिका, म्हणजे भाताच्या दुसऱ्या मुख्य गटातला, आहे. एखाद्या प्रोबच्या जागी इंडिकात एक-दोन घटक वेगळे असले तर चमक मुळातच कमी येते. त्याच वाणातल्या दोन गटांची तुलना करताना हा दोष बराचसा कटतो. दोन वाणांची तुलना करताना मात्र तो थेट निष्कर्षात शिरतो.

पाचवी पायरी: सोबत चढणारी जनुके

जपानमधला ‘एटेड-टू’ हा कोश बहुसंख्य नमुन्यांत कोणती जनुके एकत्र वर-खाली होतात ते दाखवतो. त्याचे ‘परस्पर क्रमांक’ हे माप समजायला सोपे आहे. ‘अ’च्या यादीत ‘ब’ चौथा आणि ‘ब’च्या यादीत ‘अ’ नववा असेल, तर चार गुणिले नऊ म्हणजे ३६ आणि त्याचे वर्गमूळ ६. आकडा जितका लहान, तितकी सोबत घट्ट. अज्ञात जनुकाच्या जवळची पहिली पन्नास जनुके काढून त्यांची कामे पाहिली, की त्याच्या कामाचा तर्क बांधता येतो. पण तो तर्कच असतो: एकत्र चढणारी दोन जनुके एकाच तिसऱ्या कारणाने चढत असू शकतात.

कच्च्या फाइलींकडे कधी वळावे

दोन वेगळ्या मालिकांतले नमुने एकत्र आणायचे असतील, तर तयार आकडे चालत नाहीत. एका मालिकेचे आकडे ‘मास५’ने काढलेले असतात आणि दुसरीचे ‘आरएमए’ने, या चमकेवरून आकडा काढण्याच्या दोन वेगळ्या पद्धती; ते शेजारी ठेवणे म्हणजे शेर आणि किलो एका तागडीत टाकणे. अशा वेळी ‘सेल’ प्रकारच्या कच्च्या फाइली उतरवून ‘आर’ या मोफत प्रणालीत ‘अ‍ॅफी’ या पॅकेजने सर्वांवर एकदम ‘आरएमए’ चालवावे आणि तुलना ‘लिमा’ या पॅकेजने करावी. जुन्या प्रोब-यादीऐवजी नव्या जनुक-नोंदींनुसार बनवलेली यादी मिळत असेल तर ती वापरावी. तरीही एका प्रयोगशाळेतली सगळी नियंत्रणे आणि दुसरीतले सगळे उपचार अशी जुळणी करू नये. तिथे प्रयोगशाळांमधला फरक आणि उपचाराचा परिणाम कोणत्याही गणिताने सुटा होत नाही.

शेवटी प्रयोगशाळेत

कोशातून निघालेली चार-पाच जनुके स्वतःच्या नव्या नमुन्यांवर क्यूपीसीआरने (एकेका जनुकाचा आरएनए मोजण्याची पद्धत) तपासावीत. त्यासाठी लागणारे स्थिर संदर्भ-जनुकही, म्हणजे ज्याच्याशी बाकीचे ताडून पाहायचे ते, याच कोशांतून शोधता येते. २००५ साली जर्मनीतल्या संशोधकांनी एटीएच१च्या साठलेल्या नोंदी चाळून, वर्षानुवर्षे सवयीने वापरल्या जाणाऱ्या जनुकांपेक्षा अधिक स्थिर जनुके दाखवून दिली. त्यांतले एटी१जी१३३२०, म्हणजे ‘पीपी२ए’च्या एका उपघटकाचे जनुक, आज अनेक प्रयोगशाळांत संदर्भ म्हणून वापरले जाते. तुमच्या ताणातही ते स्थिर आहे का, हे ‘ईएफपी’वर दोन मिनिटांत पाहता येते, प्रायमर मागवण्याआधी ती दोन मिनिटे द्यावीत.

अहवालात मालिकेचा आणि प्रत्येक नमुन्याचा क्रमांक, प्रोब संच, माहिती उतरवल्याची तारीख, आकडे काढण्याची पद्धत आणि लावलेल्या मर्यादा लिहा आणि उतरवलेल्या फाइलींची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. संकेतस्थळे बंद होतात, पत्ते बदलतात. जीईओचा क्रमांक लिहिलेला असेल, तर पाच वर्षांनी दुसरा विद्यार्थी त्याच बारा नमुन्यांपर्यंत पोहोचून तुमची गणना पुन्हा करून पाहू शकतो.